मदत हवी आहे: एसएमएन२ जीनच्या तीन कॉपी आहेत, तरी भाचा उभा का राहत नाही?

शाहूपुरीकर: रिपोर्ट आला. 'एसएमएन१ एक्झॉन ७ : ० कॉपी. एसएमएन२ : ३ कॉपी.' एक जीन नाही, पण त्याचाच जुळा तीनदा आहे. मग अडलंय कुठं? डॉक्टर सोमवारी भेटणार. लवकर सांगा.

गंगावेस_कट्टा: भावा, पोरगं केवढं? होतंय काय? ते आधी सांग की.

शाहूपुरीकर: एसएमए, स्नायू दुबळे करणारा जन्मजात आजार. सगळ्यांना माहीत असतं वाटलं. १४ महिन्यांचा. बसवला की बसतो, उभा धरला की पाय लुळे.

अक्का_कळंबा: आमचा नातू दीड वर्षानं चालला. तिळाच्या तेलानं मालीश करा, घाबरू नका.

पेशी_पुराण: अक्का, हे मालीशनं जाणारं नाही. जीनवरून आधी कच्चा आरएनए, म्हणजे जीनची नक्कल, निघतो, त्यातले नको ते तुकडे कापून कामाचे, म्हणजे एक्झॉन, जोडले जातात आणि त्यावरून प्रोटीन बनतं. एसएमएन२ च्या सातव्या एक्झॉनमध्ये एकच अक्षर वेगळं, सी च्या जागी टी. तेवढ्यानं बहुतेक वेळा तो तुकडाच गळतो, प्रोटीन अर्धवट बनतं, टिकत नाही. धड निघतं ते साधारण १० टक्के. गंमत बघा, हे प्रोटीन स्वतःच ती कापाकापीची यंत्रणा जुळवायला लागतं. तीन कॉपींनी भरपाई होत नाही, पण आजार सहसा सौम्य होतो.

गंगावेस_कट्टा: आरएनए म्हणजे कोरोनाच्या लसीतला ना? मी तेव्हाच म्हणत होतो...

पेशी_पुराण: तुझ्या प्रत्येक पेशीत आहे तो, लस घे नाहीतर नको घेऊ.

सायबर_चौक: सरळ जीन थेरपी घ्या, चांगला जीनच शरीरात सोडतात, एकदाच काम.

पेशी_पुराण: आणि कोट्यवधी रुपये तू देणार? अमेरिकेत २०१९ ला तिला मंजुरी मिळाली ती २ वर्षांखालच्या मुलांसाठी, म्हणजे वेळ थोडा आहे हे खरं. पण न्युसिनर्सेन (२०१६, पाठीच्या कण्यात इंजेक्शन) आणि रिस्डिप्लाम (२०२०, तोंडानं) या औषधांचंही विचारा. दोन्ही सातवा तुकडा गळू देत नाहीत.

शाहूपुरीकर: बरं. अजून एक. बायकोला तिसरा महिना आहे.

पेशी_पुराण: अरे, हे पहिल्या ओळीत लिहायचं! तो सख्ख्या बहिणीचा मुलगा ना? मग बहीण वाहक, म्हणजे स्वतः ठणठणीत पण बिघडलेला जीन पुढं देऊ शकणारी, आणि तू वाहक असण्याची शक्यता निम्मी. कॉपी मोजणारी एमएलपीए तपासणी तू नि बायको दोघांनीही लगेच करा, आधी तू नि मग ती असं करत बसू नका. दोघं वाहक निघालात तर दर खेपेला बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक.

अक्का_कळंबा: तिला आत्ताच काही बोलू नकोस हो.

शाहूपुरीकर: ती शेजारीच बसून वाचतीय.