मदत हवी आहे : आखाजीची गाणी रेकॉर्ड करतोय, पंख्याच्या घरघरीत शब्द बुडतायत

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर मराठी शिकवते. यंदा नववीच्या मुलांनी प्रकल्पाला आखाजीची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेची, गाणी घेतलीत. गल्लीतल्या आजीकडे जायचं, गौराईची आणि झोक्यावरची गाणी म्हणवून घ्यायची, अर्थ विचारायचा आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा. चित्र छान आलंय, आवाज मात्र ऐकवत नाही.

घर सिमेंटचं, वर स्लॅब, भिंतींना ऑइलपेंट. कूलर बंद केला, पण पंखा चालूच ठेवावा लागतो. आमच्याकडे या दिवसांत पारा सहज ४२-४३ वर जातो, पंचाहत्तरीच्या आजींना बिनपंख्याचं बसवायला मन धजत नाही. मोबाईल स्टँडवर, सहा फूट लांब. एका ओळीत आजी 'आंडेर' म्हणाल्या की 'आंडोर' यावरून मुलांची वादावादी झाली. ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगते, आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा. गाण्यात लेकीची वाट बघितली जातेय की लेकाची, हे त्या एका अक्षरावर ठरतं. मी वीसदा ऐकलं, मलाही सांगता येईना.

मध्येच लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि पुढची चाळीसेक सेकंद आजींचा श्वाससुद्धा ऐकू येतो. म्हणजे मोबाईल बरा आहे.

जळगावहून कॉलरमाईक आणला, काडीचा फरक नाही. ऑडासिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (मागची घरघर कमी करायची सोय) लावलं, तर आजी पाण्याखालून गातायत असं वाटायला लागलं. हजारेक रुपये मी स्वतः घालू शकते. आखाजीला पंधरा दिवस राहिलेत. पंखा चालू ठेवून काही करता येईल का?

प्रतिसाद

ताई, पहिले माईकची पिन बघा. तिच्यावर रेघा किती? दोन असतील तर ती कॅमेऱ्याची पिन, मोबाईलला तीन रेघांची लागते. दोन रेघांची लावली की मोबाईल गुपचूप स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत राहतो. रेकॉर्डिंग सुरू करून कॉलरमाईकवर नखाने टकटक करा, मग मोबाईलच्या अंगावर करा. ऐकताना जिथली टकटक मोठी येईल, तो माईक चालू आहे.

धागाकर्ती

दोनच रेघा आहेत! चार व्हिडिओ आम्ही तो माईक आजींच्या पदराला लावून केले आणि तो मुळात चालूच नव्हता. दोन रेघांची पिन मोबाईलला चालवणारा कन्व्हर्टर मागवते.

प्रतिसाद

धुळ्यात लग्नाचं शूटिंग करतो. कन्व्हर्टर येईपर्यंत थांबू नका, दुसरा मोबाईल घ्या. सगळा खेळ अंतराचा आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, पण खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. सहा फुटांवरून अर्ध्या फुटावर आलात की आजींचा आवाज वीसेक डेसिबलने वर येईल, पंखा होता तिथेच राहील. एक मोबाईल चित्राला, दुसरा फ्लाइट मोडवर टाकून आजींच्या छातीजवळ, फ्रेमच्या बाहेर, उशीवर. मांडीवर नको, हालचालीची खरखर येते. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह आणि ४८ किलोहर्ट्झ मिळालं तर ते घ्या. दोन्ही सुरू झाले की एका मुलाने कॅमेऱ्यासमोर जोरात एक टाळी वाजवायची. एडिटिंगला दोन्ही ट्रॅकवर त्या टाळीचा उंच काटा दिसतो, काट्यावर काटा ठेवला की ओठ आणि शब्द जुळतात. चार-पाच मिनिटांचे तुकडे करा, लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये दोन मोबाईल हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

माईक पदराला लावाल तेव्हा हनुवटीखाली पाच-सहा इंच, पोतीच्या मण्यांपासून दूर. बांगड्या काढायला मात्र सांगू नका. थोड्या वाजल्या तर वाजू द्या, त्या आजींच्याच आहेत.

नॉइज रिडक्शन लावायचंच तर गाण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा, तोच नमुना द्या. ६-८ डेसिबलच्या वर जाऊ नका.

प्रतिसाद

गावात कुणाचं धाब्याचं घर उरलंय का? मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, आत धान्याची पोती आणि गोधड्यांची चळत. अशा खोलीत आवाज घुमत नाही आणि सकाळी नऊपर्यंत गारवाही असतो. आमच्या मावशीचं रेकॉर्डिंग आम्ही तसंच केलं, पंख्याची गरजच पडली नाही.

आणि त्या शब्दाचं आजींनाच विचारा ना. मुलांनी ओळ त्यांच्यासमोर म्हणून दाखवायची, चुकली तर त्या लगेच थांबवतील. तेही रेकॉर्ड करा, व्हिडिओतला तोच भाग सगळ्यात जिवंत होईल.

धागाकर्ती

काल सकाळी साडेसातला आजींच्या जाऊबाईंच्या धाब्याच्या घरात बसलो. पंखा बंद, दार लोटलेलं, आजी पोत्यांना टेकून. दुसरा मोबाईल उशीवर, टाळी मुलीने वाजवली. सांगितल्याप्रमाणे एका मुलाने ओळ म्हणून दाखवली, मुद्दाम नाही, त्याला खरंच तसंच वाटत होतं, 'आंडोर' म्हणाला. आजींनी हात वर करून त्याला थांबवलं आणि एकेक अक्षर सोडवून म्हणाल्या, "आं-डेर." घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं, 'डे' अगदी लख्ख आहे. तुमचे सगळ्यांचे खूप आभार.

आता एकच राहिलं. झोक्यावरची गाणी निंबाखाली, झोका चालू असतानाच घ्यायची आहेत, आणि दुपारनंतर आमच्याकडे वारा सुटतो. त्याला काय करू?

प्रतिसाद

माईकच्या स्पंजवर जुन्या लोकरी टोपीचा तुकडा सैलसर बांधा. गाणारीची पाठ वाऱ्याकडे ठेवा, म्हणजे तिचं अंगच आडोसा होतं. झोक्याच्या दोराची करकर त्रास देईल, दोर फांदीला जिथे घासतो तिथे गोणपाट गुंडाळा.