मदत हवी आहे: टीटी टुर्नामेंटला नवीन लोक टिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर जळगावात हौशी लोकांसाठी टेबल टेनिसची टुर्नामेंट घ्यायचं चाललंय, भुसावळ-धुळ्याकडचे पण येतील. अडचण अशी की सरळ नॉकआऊट ठेवलं की नवीन माणूस चोपड्याहून एसटीने येतो, पहिल्याच मॅचला ३-० मार खातो आन अर्ध्या तासात भरीत-पुरी खायला मोकळा, पुढच्या वर्षी तो कशाला येईल भो? म्हणून चार-चारचे ग्रुप करून प्रत्येकाला निदान ३ मॅच द्यायच्या म्हणतोय. पण टेबलं दोनच. ३२ एंट्र्या धरल्या तर ग्रुपच्याच ४८ मॅच, २० मिनिटं एकेक, म्हणजे ८ तास त्यातच गेले. बेस्ट ऑफ थ्री करू का? की दोन दिवस?

दुसरं, हँडिकॅप कोणी वापरलाय का, म्हणजे ११ च्या गेममध्ये कच्च्या खेळाडूला ४-५ पॉइंट आधीच द्यायचे? जुने खेळाडू तोंड वाकडं करतात, मला तर आवडलंय. आणि लाँग पिंपल्सवाल्यांचं (बॅटच्या रबरावर लांब दाणे असतात ते) काय करायचं, नियमात बसतं पण नवख्याला बॉल कुठे चाललाय तेच कळत नाही 😅 बायकांच्या एंट्र्या पण वाढवायच्यात. ज्यांनी असं काही घेतलंय त्यांनी सांगा प्लीज.