बँकेचं पेमेंट क्लाऊडवर न्यायचं का? सभेआधी बोलून घेऊया

शाहूपुरीकर
आमच्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेचा अहवाल घरी आला. नाव सांगत नाही, कोल्हापूरची आहे आणि ठेवी हजार कोटींच्या वर आहेत एवढं पुरे. त्यात विषय क्रमांक ९, "डिजिटल पेमेंट प्रणाली क्लाऊडवर स्थलांतरित करणेस मान्यता देणे". बास, दीड ओळ. युपीआय, आयएमपीएस (झटपट पैसे पाठवायची सोय), एटीएम बँकेशी जोडणारं एटीएम स्विच, सगळं आपल्या सर्व्हरवरनं दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या मशिनांवर हलवणार आणि सभेत नेहमीसारखं मागनं "मंजूर, मंजूर" झालं की विषय संपला.

माझं मत, न्यावंच. कारण २०१९ चा महापूर. मी तेव्हा एका बँकेला हार्डवेअरची एएमसी (वार्षिक देखभाल) द्यायचो, सर्व्हर रूम तळमजल्याला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलेलं, व्हीनस कॉर्नरला बोटी फिरत होत्या. आम्ही चौघांनी आणि शिपाईमामांनी रॅकमधनं मशिनं उपसून दुसऱ्या मजल्यावर नेली, गुडघाभर पाण्यात, एकेक सर्व्हर दोघांनी धरून. वर नेऊन पण उपयोग काय, लाईट नाही, जनरेटरला डिझेल नाही, शिरोलीत हायवे पाण्याखाली म्हणून टँकर येईना. मशिनं वाचली आणि बँक बंदच. क्लाऊड झालं तर माझाच धंदा जातोय हे मला कळतंय, तरी सांगतो.

जुना सिस्टीमवाला
२६ वर्षं बँकेच्या ईडीपीत (कॉम्प्युटर विभागात) काढली, त्या पुरात मी पण होतो. पण पुरात घर बुडलं म्हणून माणूस गाव सोडत नाही, पुढच्या खेपेला जोतं उंच करतो. सर्व्हर तळमजल्याला ठेवायला कुणी सांगितलेलं? ती चूक बांधकामाची. वर न्या, डीआर (मुख्य यंत्रणा बंद पडली तर वापरायची राखीव यंत्रणा) दुसऱ्या शहरात ठेवा, विषय संपला.

आणि लोकाच्या दारात बांधलं की काय होतं ते ३१ जुलै २०२४ ला बघितलं की. छोट्या बँकांची यंत्रणा चालवणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं आणि युपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्यांना रिटेल पेमेंटपासून तात्पुरतं तोडून टाकलं. तोडलं ते बरोबरच केलं म्हणा, नाहीतर बाकीच्यांना लागलं असतं. पण त्यांच्यावर चालणाऱ्या तीनशेच्या आसपास छोट्या बँकांचं पेमेंट एका फटक्यात थांबलं. दुसऱ्या दिवशी जोडलं, पण त्या बँकांनी स्वतः काय चूक केलेली? एकाच दाव्याला तीनशे म्हशी बांधल्यावर एक उधळली तरी सगळ्यांचे पाय अडकणार.

गुळमार्केट
मला एवढं कळत न्हाई. हंगामात दिवसाला पन्नास-साठ पेमेंट असत्यात, एक अडकलं की शेतकरी दुकानात येऊन बसतोय. नियमानं युपीआयचं अडकलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला पायजे, न्हाईतर दिवसाला शंभर रुपये द्यायचे, हे मला माझ्या सीएनं सांगितलं, बँकेनं कधी सांगितलं न्हाई. आता निदान ब्रँचला जाऊन साहेबाच्या टेबलावर हात आपटता येतोय. क्लाऊडवर गेल्यावर कुणाच्या टेबलावर आपटू?

शाहूपुरीकर
गुळमार्केट, टेबल तेच राहतंय, काळजी करू नका. सर्व्हर कुठंही असू दे, पैसे परत द्यायची जबाबदारी बँकेचीच.

सिस्टीमवाले काका, सी-एजचं उदाहरण घ्या पण मग कॉसमॉस बँकेचं पण घ्या. ऑगस्ट २०१८, पुणे, ९४ कोटींची चोरी. तिथं काय झालेलं, एटीएम स्विचच्या जागी चोरांनी आपलं खोटं स्विच उभं केलं, पैसे काढायची विनंती आली की कोअर बँकिंगला (खात्यांचा मुख्य हिशेब ठेवणाऱ्या सिस्टीमला) न विचारताच "हो, द्या" म्हणून उत्तर जायचं. देशाबाहेर २८ देशांतनं पैसे निघाले आणि आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधनं पण निघाले, आठवत असेल. ते काय लोकाच्या दारात बांधलेलं नव्हतं.

आणि स्वतःचं डेटा सेंटर म्हणजे एकदम दगडी वाडा असं पण नाही. एचडीएफसीच्या प्रायमरी डेटा सेंटरची वीज गेली नोव्हेंबर २०२० मध्ये, त्या आणि आधीच्या अडचणींवरनं आरबीआयनं डिसेंबरात त्यांना नव्या डिजिटल सेवा आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला लावली. एचडीएफसीची ही गत तर आपल्या बँकेत आयटीला तीन पोरं, त्यातलं एक हिंजवडीला जायच्या तयारीत.

रंकाळाकाठ
मी पुण्यात हेच काम करतो, क्लाऊडचंच, त्यामुळं मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खटकतंय.

क्लाऊडवाले सेल्सचे लोक डेमोत एक गोष्ट हमखास दाखवतात, लोड वाढला की मशिनं आपोआप वाढतात. आपल्याकडं लोड कधी येतो? कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की. सकाळी हजारो खात्यांत रक्कम पडते आणि दुपारपर्यंत सगळा तालुका बॅलन्स बघायला, काढायला आणि उधारी फेडायला सुटतो. त्यादिवशी ॲपचा समोरचा भाग नक्की वाढवता येईल, पण खाली जो कोअरचा डेटाबेस आहे, जिथं शेवटी खात्यातनं रुपया वजा होतो, तो असा झटक्यात दुप्पट होत नाही. समोर दहा काउंटर उघडले आणि आत कॅशियर एकच, मग रांग आत लागते एवढाच फरक. आणि युपीआयला वेळेचं बंधन असतंय, कोअरनं वेळेत उत्तर नाही दिलं की व्यवहार लटकला, आणि मग गुळमार्केटच्या दुकानात शेतकरी बसला.

दुसरं, क्लाऊड कंपनी इमारत, वीज, मशिनं सांभाळते. दारं-खिडक्या लावणं आपल्याकडंच असतं. अमेरिकेत कॅपिटल वनचा डेटा गेला २०१९ ला, दहा कोटींवर लोकांचा, तेव्हा क्लाऊड जागेवरच होता, बँकेच्या बाजूची फायरवॉल, म्हणजे घुसखोर अडवणारी भिंत, चुकीची लावलेली. त्या तीन पोरांना हे शिकवणार कोण?

पण काका, डेटा परदेशात जाईल वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतंय त्यात दम नाही. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा हा आरबीआयचा नियम एप्रिल २०१८ पासून आहे आणि ॲमेझॉनचं डेटा सेंटर मुंबई-हैदराबादला, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातच आहे की.

मंगळवार पेठ तालीम
मंजूर, मंजूर, मंजूर. पुढचा विषय घ्या. लाभांश किती देणार ते बोला.

जुना सिस्टीमवाला
परदेशाचं मी म्हटलंच नव्हतं. माझी भीती वेगळी आहे, हलवण्याची. इंग्लंडात टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये एका वीकेंडात सगळे ग्राहक नव्या सिस्टीमवर नेले, सोमवारी १९ लाख लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना. पुढं ४.८६ कोटी पौंड दंड बसला. नंतर चौकशीत काय निघालं तर दोन डेटा सेंटर होती आणि टेस्टिंग एकाचंच केलेलं. मोठ्या बँकेचं हे, आणि आपले संचालक म्हणतात "दिवाळीच्या आधी करून टाकू". दिवाळीच्या आधी! अरे घराचा रंग आहे का तो?

आरबीआयच्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशात स्वच्छ आहे, आपल्या एवढ्या नागरी बँकांना लागू आहे, काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बोर्डाची, आणि बाहेर पडायचं कसं ते पण आधी ठरवायचं. उद्या व्हेंडरनं दर दुप्पट केला तर डेटा घेऊन निघता येणार का, किती दिवसांत, एटीएमचे पिन गुप्त ठेवणाऱ्या डिजिटल किल्ल्या ज्या एचएसएम नावाच्या खास मशिनात असतात त्या कुणाच्या ताब्यात राहणार. हे अहवालात एका शब्दानं नाही. हे आलं की मी पण हात वर करतो, तोवर नाही.

शाहूपुरीकर
हे मान्य आहे. दिवाळीचं वाचून माझ्या पण पोटात गोळा आला, ते मला माहीत नव्हतं. पण काका, "तोवर नाही" म्हणजे तोवर कुठं? आहे ते मशीन सात वर्षांचं झालं, त्याचे पार्ट मी सेकंडहँड आणून बसवतोय हे तुम्हाला माहीत नसेल. आणि तुम्ही म्हणता तो दुसऱ्या शहरातला डीआर आपल्याकडं आहेच की. त्यावर आपण कधी चाललोय का?

जुना सिस्टीमवाला
माझ्या वेळी वर्षातनं दोनदा त्याचं ड्रिल (सराव) व्हायचं. रजिस्टर आहे.

आतला माणूस
नाव विचारू नका, पगार इथलाच आहे. ड्रिल अजूनही होतं, रविवारी दुपारी अर्धा तास. डीआरचं मशीन चालू करतात, लॉगिन होतंय का बघतात, फोटो काढतात, रजिस्टरला सही. खरे व्यवहार तिकडं एकदाही वळवलेले नाहीत. एकदा मी म्हटलं वळवून बघूया, तर साहेब म्हणाले परत इकडं नाही आले तर?

जुना सिस्टीमवाला
हे मात्र माझ्या वेळी पण असंच होतं. खोटं कशाला बोलू.

रंकाळाकाठ
मग सभेत एवढंच विचारा की. क्लाऊड असो नाहीतर गंगावेशीतला तळमजला, कामाच्या दिवशी चार तास सगळं पेमेंट डीआरवरनं चालवून दाखवा, मग विषय ९ घेऊ. सुरुवातीला एटीएम स्विचला हात पण लावू नका, आधी एसएमएस आणि रिपोर्ट हलवा, चुकलं तर कुणाचा पैसा अडकत नाही.

जुना सिस्टीमवाला
चार तास नको, आख्खा दिवस. आणि ऊसबिलाचा दिवस निवडा.

शाहूपुरीकर
ऊसबिलाच्या दिवशी कोण धाडस करणार काका, अध्यक्षांचाच कारखाना आहे.

गुळमार्केट
मी उभारतो बोलायला. सभा किती वाजता हाय?

आतला माणूस
अकराला. पण माईक पाहिजे असला तर साडेनऊला येऊन पुढं बसा, पहिल्या तीन रांगा आधीच "मंजूर"वाल्यांनी भरलेल्या असतात.