मदत हवी आहे: जुन्या रंगीत लाकडी मुखवट्यातून पूड पडते, फ्रीझरमध्ये ठेवावा का?

एकाच ओंडक्यातून कोरलेला, हलक्या लाकडाचा मुखवटा आहे. उंची ३२ सेंमी, कडेची जाडी साधारण दीड सेंमी. पुढे पांढऱ्या मातीच्या अस्तरावर लाल, काळा आणि निळा रंग, हनुवटीला घोड्याच्या केसांची दाढी. मागच्या बाजूला १ ते २ मिमीची वीसेक गोल भोके दिसतात. हलवला की पांढुरकी पूड गळते. गालावरचा रंग दोन ठिकाणी पापुद्र्यासारखा सुटला आहे.

कीड जिवंत आहे की नाही, कसे ओळखायचे? घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ठेवला तर चालेल का? भोकांत सुईने कीटकनाशक सोडायचाही सल्ला मिळाला आहे. तो कितपत बरोबर?

पटाशी:
सुईचा विचार सोडून द्या. अळीचे बोगदे तिच्याच भुशाने ठासून भरलेले असतात, त्यामुळे औषध फार आत सरकत नाही. सरकते ते लाकडाच्या रेषांतून, आणि अस्तराखाली पोचून पुढच्या रंगावर डाग उठवते. तो डाग जवळजवळ कायमचाच. शिवाय काजळी, घाम, कपाळाला घासून आलेली झिलई, दोरीने झिजलेली भोके हे सगळे मागच्या बाजूला असते. मुखवटा खरोखर वापरात होता याचा पुरावा तोच, म्हणून ती बाजू पुसूसुद्धा नका.

पूड गळते म्हणजे कीड जिवंत, असे नाही. जुना भुसा हलवला की वर्षानुवर्षे गळतो. मुखवटा काळ्या कागदावर ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून भोकांचे फोटो काढा आणि तीन-चार आठवडे जागचा हलवू नका. न हलवता भोकाखाली पुडीची छोटी रास जमली, तर आत कोणीतरी आहे. नव्या भोकाची कड धारदार, आतले लाकूड फिकट. जुन्याची कड मळलेली. मात्र रास जमली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. फर्निचर भुंगेऱ्याची अळी २ ते ५ वर्षे आत पोखरत राहू शकते.

पूड बोटांनी चोळून पाहा, नायट्राइलचे हातमोजे घालूनच. जुन्या संग्रहांतल्या वस्तूंना आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार, डीडीटी लावलेले असू शकते. मैद्यासारखी मऊ पूड पावडरपोस्ट भुंगेऱ्याची, किंचित रवाळ फर्निचर भुंगेऱ्याची. सहा कंगोऱ्यांचे दाणे दिसले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी.

रंगपापुद्रा:
फ्रीझरची रीत चांगली आहे, पण या मुखवट्यासाठी नाही. थंडीत लाकूड एका मापाने आकसते आणि मातीचे अस्तर दुसऱ्या. रंग घट्ट असता तर ते खपून गेले असते. सुटलेला पापुद्रा तेवढ्यानेही गळून पडेल.

रंग न लावलेल्या किंवा घट्ट रंगाच्या वस्तूंसाठी मात्र नीट लिहून ठेवतो. सुती कापडात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड सीलबंद करा. तापमान झपाट्याने उतरले पाहिजे. हळूहळू थंड केले तर किडा त्याला सरावतो आणि वाचतो. म्हणून फ्रीझर ठासून भरू नका. उणे ३० ला ३ दिवस, उणे १८ ला किमान २ आठवडे, आणि तापमान थर्मामीटर ठेवूनच तपासा. बाहेर काढल्यावर पूर्ण २४ तास पिशवी उघडायची नाही. लोक इथेच घाई करतात, आणि हवेतला दमट वाफारा थेट गार रंगावर बसतो.

तुमच्यासाठी ऑक्सिजन काढून घेण्याची रीत योग्य. ऑक्सिजन अडवणाऱ्या बहुथरी फिल्मची पिशवी लागते. साध्या पॉलिथिनमधून तो आरपार जातो. आत लोहपूड असलेल्या शोषक पुड्या आणि ऑक्सिजन उरला आहे की संपला हे रंग बदलून दाखवणारी एक दर्शक गोळी ठेवा. २५ अंशांच्या आसपास ३ ते ४ आठवडे. खोली गार असेल तर मुदत वाढवा, कारण थंडीत किड्याचा श्वास मंदावतो आणि तो जास्त तग धरतो.

धागाकर्ता:
पुड्या किती लागतील? पिशवीत साधारण २० लिटर हवा राहील. आणि दाढीचे काय?

रंगपापुद्रा:
हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे ४.२ लिटर. २००० मिलि शोषणाऱ्या ३ पुड्या पुरतात, पण मी ४ घालीन. काम करताना त्या गरम होतात, मुखवट्याला टेकू देऊ नका. गोळी गुलाबी झाली की दिवस मोजायला सुरुवात करा. मध्येच निळी झाली तर पिशवी गळते आहे. सील दुरुस्त करून मोजणी पहिल्यापासून.

केसांत कसर किंवा गालिचा-भुंगेरा असला तर तोही यातच मरेल. निळा रंग प्रशियन ब्लू असेल तर ऑक्सिजनशिवाय फिका पडू शकतो. हवेत आल्यावर तो परततो, तरी पिशवी अंधारात ठेवा आणि आधी फोटो काढा. सुटलेले पापुद्रे गोंदाने चिकटवू नका, ते काम संवर्धकाचे.

पटाशी:
थोडे अवांतर, पण महत्त्वाचे. खऱ्या किडीचे भोक पृष्ठभागावर गोल दिसते आणि आत लगेच वळते. पातळ तार हलकेच घालून पाहा. सगळी भोके सरळ आणि एकाच खोलीची असतील तर ती ड्रिलची, बहुधा वस्तू जुनी भासवायला पाडलेली. आणि कोरलेल्या भागावर अर्धे कापलेले बोगदे पन्हळीसारखे उघडे दिसत असतील, तर लाकूड आधी किडले आणि मुखवटा नंतर कोरला. मोडलेली किंवा फार झिजलेली कड याला अपवाद. तुमच्या वीस भोकांत असे काही दिसते का, जवळून फोटो टाका.