चार बाजू माहीत आहेत, गुंठे किती भरतील?

आडवा_बांध:
प्लॉट चौकोनी, पण एकही बाजू दुसरीएवढी नाही. कोपऱ्यांना अ, ब, क, ड म्हटलं तर अब ६५, बक ७०, कड ५१, डअ ८४ फूट. जागामालक समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेऊन ५८ × ७७ = ४४६६ चौरस फूट, म्हणजे चार गुंठ्यांच्या वर सांगतात. धरायचं का? कुंपणाचाही अंदाज हवाय: काटेरी तार पाच पदरी, खांब दहा फुटांच्या आत, कड बाजूला क कोपऱ्याला लागून दहा फुटी फाटक.

गुणाकार:
धरू नका. ही रीत चारही कोपरे काटकोनी असतील तरच बरोबर येते, एरवी जास्तच दाखवते. खिळे ढिले झालेल्या खाटेसारखं आहे: दांडे तेवढेच, पण ती कलली की मधली जागा आक्रसते. नुसत्या बाजूंवरून क्षेत्रफळ ठरत नाही, फक्त त्याची कमाल मर्यादा कळते. अर्धपरिमिती, म्हणजे चारही बाजूंच्या बेरजेचं अर्धं, १३५. तिच्यातून एकेक बाजू वजा करा आणि ७० × ६५ × ८४ × ५१ चं वर्गमूळ काढा: ४४१५. चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तेव्हा एवढं भरतं, याहून जास्त कधीच नाही. मालकांचा आकडा त्याच्याही वर गेलाय!

अक कर्ण मोजून सांगा. कर्ण किंवा लंब न देता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी लीलावतीत पिशाच म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वाईट. तेव्हा मी थांबतो.

आडवा_बांध:
अक बरोबर ७५ फूट. बड पण मोजला, १११ फूट ९ इंच.

गुणाकार:
छान, आता दोन त्रिकोण झाले. रीत तीच, फक्त त्रिकोणात अर्धपरिमितीनेही गुणायचं.

अबक: ६५, ७०, ७५. अर्धपरिमिती १०५. १०५ × ४० × ३५ × ३० = ४४,१०,०००, वर्गमूळ २१००.

अकड: ७५, ५१, ८४. अर्धपरिमिती योगायोगाने पुन्हा १०५. १०५ × ३० × ५४ × २१ = ३५,७२,१००, वर्गमूळ १८९०.

एकूण ३९९० चौरस फूट. गुंठ्याच्या १०८९ चौरस फुटांनी भागलं की ३.६६ गुंठे. बड वरून दुसरे दोन त्रिकोण पाडले तरी ३९९० च्याच आसपास येतं, म्हणजे मापं एकमेकांशी जुळतात. मालकांच्या आकड्याहून ४७६ चौरस फूट कमी, तेवढ्यांचे पैसे वाचले समजा.

टेप_ताणून_धरा:
ताळा करताना १११ फूट ९ इंच म्हणजे १११.७५, १११.९ नव्हे. इंचांना १२ ने भागायचं. ही चूक फार होते. अक कर्ण एका फुटाने कमी मोजला गेला तर इथे ३६ चौरस फूट कमी येतात, म्हणून कापडी टेप नको, ती ताणली जाते. जमीन उताराची असेल तर टेप आडवी, पातळीत धरून टप्प्याटप्प्याने मोजा. ७० फुटांच्या उतारात १० फूट चढ असेल तर आडवं माप ६९ फूट ३ इंचच भरतं, आणि सरकारी क्षेत्र आडव्या मापाचंच असतं.

सातबाऱ्यावर गुंठे शोधू नका, तिथे हेक्टर-आर असतात. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. ३९९० चौरस फूट म्हणजे ३७१ चौरस मीटर, तेव्हा ०.०३.७१ (हेक्टर, आर, चौरस मीटर) च्या जवळपास आकडा हवा. फारच फरक दिसला तर खरेदीआधी सरकारी मोजणी मागा. तुम्ही मोजलेल्या खुणा हद्दीवर आहेत की नाहीत, हे टेप सांगत नाही.

तारवाला:
कुंपणाचं: परिमिती २७०, फाटक वजा जाता २६०. याला सरळ १० ने भागून २७ खांब सांगतील, पण प्रत्येक कोपऱ्यावर खांब लागतोच, म्हणून बाजूनिहाय मोजा. ६५ ला ७ गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर), ७० ला ७, ८४ ला ९, फाटक सोडून उरलेल्या ४१ ला ५. गाळे २८, खांब २९, फाटकाचे दोन्ही त्यातच आले. कोपऱ्यांच्या आणि फाटकाच्या खांबांना तारेच्या रेषेत तिरके टेकू द्या, नाहीतर तार ताणली की ते आत झुकतात. टेकूंचे खांब या २९ मध्ये धरलेले नाहीत.

तार २६० × ५ = १३०० फूट, म्हणजे ३९६ मीटर. गाठी आणि वेढ्यांसाठी दहा टक्के धरून ४३६ मीटर घ्या. तार किलोवर विकतात आणि गेज (तारेची जाडी) बदललं की एका किलोत बसणारे मीटर बदलतात, त्यामुळे किलोचा भाव ऐकण्याआधी मीटर विचारा.