सोसायटीच्या खांबाने दार ओरबाडलं, घरी काय काय निघेल?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले, त्याला आठ महिने झाले. परवा पार्किंगमधून निघताना धो धो पाऊस, मी उजव्या आरशात बघत राहिले आणि डावीकडचं मागचं दार खांबाला घासलं. आवाज असा की वॉचमन खुर्ची सोडून पळत आला. गाडी २०१६ ची वॅगनार, चंदेरी.

नुकसान तीन तऱ्हेचं आहे. खांबाचा पिवळा ऑइलपेंट दारावर वीतभर बसलाय. हँडलखाली बारीक रेघा आहेत, तिरकं बघितलं तरच दिसतात. आणि दाराच्या खालच्या अंगाला बोटभर चरा पडलाय, आत करडं दिसतंय.

गॅरेजवाल्याने दार आणि मागचं पॅनेल मिळून साडेनऊ हजार सांगितले, वर गाडी चार दिवस ठेवा म्हणाला. हे मुलीकडे बंगळुरूला आहेत, पुढच्या रविवारी येतात. लपवायचं नाहीये हो, पण निदान बघवेल एवढं करून मग सांगावं म्हणते. शेजारचे म्हणतात टूथपेस्ट चोळा. खरंच जातं का? पोळ्या लाटणारा हात आहे, जोर कमी नाही. तो कुठे लावायचा नाही तेवढं सांगा.

स्कूटरवाला
टूथपेस्टने जातं की. माझ्या स्कूटरचं गेलं. पांढरी घ्या, जेलवाली नको.

शेडमधला पोरगा
ताई, जोर कुठे लावायचा नाही हे कुणी विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या वडिलांचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं शेड होतं. दहावीच्या सुट्टीपासून पाणी मारून पेपर घासायचं काम माझ्याकडे.

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, म्हणून वरवरचे डाग जातात. पण ती दातांसाठी केलेली. अर्धी ट्यूब संपवण्यापेक्षा रंगाच्या दुकानातून रबिंग कंपाउंडचा छोटा डबा आणा.

आधी गाडी शाम्पूने धुवा. वाळूचा एक कण राहिला तरी कापडाखाली तोच नवे चरे काढत फिरतो. आणि दार गार असू दे, उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकून बसतं.

पिवळा पट्टा बघून घाबरायचं काही नाही, तो तुमच्या रंगात शिरलेला नाही, वर चिकटलाय. मायक्रोफायबरच्या कापडावर वाटाण्याएवढं कंपाउंड घेऊन चोळा, निघतो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मात्र आणू नका. गाडीचा मूळ रंगही खराब होऊ शकतो.

बारीक रेघांवर पाणी मारून बघा. ओल्यात दिसेनाशा झाल्या आणि नखाला अडकत नसल्या, तर त्या फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहेत. हा कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आपण चरा भरत नसतो, आजूबाजूचा कोट घासून त्याच्या पातळीला आणत असतो. त्यामुळे जेवढं घासाल तेवढं कायमचं गेलं. तळहाताएवढी जागा घ्या, चार-पाच फेऱ्या, पुसा, बघा. रेघ ऐंशी टक्के गेली की थांबा. शंभराच्या नादात आमच्याकडे भल्याभल्यांनी रंग उडवलाय.

आता जोराचं. दाराची कड आणि मधून गेलेली उभट धार, तिथे रंग मुळात पातळ असतो आणि बोटाचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. तिथे हात हलका ठेवा. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) कुणी सुचवेल, पण पहिल्याच गाडीवर नको.

बोटभर चरा घासून जाणार नाही, त्याला टच-अप. चंदेरी म्हणजे नुसता चंदेरी नव्हे, गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तोच सांगून बाटली मागा. झाकणातला ब्रश जाड असतो, टूथपिक वापरा. थेंब चऱ्यात सोडायचा, रंगवायचं नाही. पातळ थर, मध्ये अर्धा तास. मेटॅलिक रंगात चमकीचे कण असतात, स्प्रेने ते एका तऱ्हेने बसतात आणि टूथपिकने दुसऱ्या. म्हणून जवळून दिसणारच, हे धरून चला.

दापोली_बंदर
करडं दिसतंय ते प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, असेल तर बरं, पत्रा चमकत असेल तर आजच झाका. मी तस्साच चरा एक पावसाळा सोडला. दिवाळीला बघतो तर शेजारच्या चांगल्या रंगाखाली फुगवटा, नखाने टोचलं तर तांबडी भुकटी. नाशिकला आमच्यासारखी खारी हवा नाही हे तुमचं नशीब.

प्रीमियमग्रस्त
इन्शुरन्सच्या फंदात पडू नका. पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियमवरची सूट, ५० टक्के असतो. एका दाराच्या क्लेमपायी पुढच्या वर्षी तो शून्यावर येतो, शिवाय सक्तीचे हजार रुपये तुमच्या खिशातून. आकडा मांडा, मग ठरवा.

गंगापूररोडकर
शेडमधल्या दादा, श्रावणातला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. टच-अप आताच करू का?

शेडमधला पोरगा
सर चालू असताना नको. दमट हवेत रंग वाळताना दुधाळ पडतो. कोरडी दुपार बघा, नाहीतर आत घेऊन लांबून पंखा लावा. तोवर चरा कोरडा पुसून वर सेलोटेप मारून ठेवा.

गंगापूररोडकर
झालं एकदाचं. पिवळा पंधरा मिनिटांत गेला, कापड हळदीचं वाटत होतं. रेघांपैकी दोन उरल्यात, पण मी थांबले. तिथे खरंच हात शिवशिवतो हो, अजून एक फेरी, अजून एक फेरी.

चऱ्याचे पहिले दोन थर छान बसले. तिसऱ्याला म्हटलं आता आलं आपल्याला, आणि झाकणातल्या ब्रशनेच लावला. मेहंदीच्या कोनातून पडतो तसा टपोरा थेंब आला नि तिथेच वाळला. आता त्याला हात लावत नाही. कंपाउंड, कापडं, बाटली धरून आठशेच्या आत झालं.

हे रविवारी आले. मी सगळं सांगितलं. गाडीभोवती एक फेरी मारली, थेंबावर बोट फिरवलं, काही बोलले नाहीत. फक्त बाटली कुठे ठेवलीस विचारलं. सोमवारी सकाळी गॅलरीतून खाली बघते तर हे टूथपिक घेऊन पुढच्या बंपरपाशी उकिडवे बसलेले. तो चरा माझा नाही.