मदत हवी आहे: बॅटरी बदलल्यापासून अल्टरनेटर सतत चार्ज करतोय

मंडळी, मी इंदूरला असतो. गाडी पेट्रोलची, वेग कमी होताना बॅटरी भरून घेणारी. लायटरच्या सॉकेटला छोटा व्होल्टमीटर लावलाय. भेरूघाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आकडा 14.8 वर जायचा, सपाटीवर 12.7. म्हणजे उतारावर फुकट चार्जिंग, एरवी इंजिनावर बोजा नाही. फार समाधान वाटायचं बघून!

गेल्या महिन्यात मेकॅनिकने साधी बॅटरी बसवली. तेव्हापासून कायम 14.4, अ‍ॅव्हरेजही उतरलंय. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर आहे, त्याचा प्लग घट्ट आहे, पण हॉर्नची अर्थ वायर त्याने सेन्सर सोडून थेट बॅटरीच्या खुंटीला कसलीय. दोष तिचा, की ईएफबी (सतत चार्ज-डिस्चार्ज सोसणारी, जास्त दणकट) बॅटरीच हवी? स्कॅनर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नव्या बॅटरीची नोंद करावी लागते का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा, रविवारी खांडव्याला निघायचंय.